वेल्समध्ये मुलाला शाळेत जादा मदत हवी आहे: शाळेला काय विचारायचं, काउन्सिलला काय?

रानजाई

हा प्रश्न दर टर्मला नव्याने येतो आणि उत्तरं तुकड्यातुकड्यांत दिली जातात, म्हणून एका जागी लिहिते आहे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

आधी एक गैरसमज दूर करू. लंडन-लेस्टरचे नातेवाईक 'ईएचसीपी मागा' म्हणतात. तो मुलाच्या शिक्षण-आरोग्य-देखभालीचा आराखडा, पण इंग्लंडचा कागद, २०१४ च्या कायद्यातला. वेल्सचा कायदा वेगळा आहे. तो २०१८ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. जुनं 'एसईएन' (विशेष शिक्षण-गरजा), स्टेटमेंट, स्कूल अ‍ॅक्शन हे जुन्या मदतीचे शब्द त्यात गेले. आता शब्द आहे 'एएलएन', म्हणजे अतिरिक्त शिक्षण-गरजा. ज्याला एएलएन आहे त्याचा एकच प्रकारचा आराखडा होतो: आयडीपी, म्हणजे वैयक्तिक विकास आराखडा. गरज थोडी असो की खूप, कागद तोच. वय ० ते २५, म्हणजे नर्सरीपासून कॉलेजपर्यंत.

एएलएन ठरायला दोन गोष्टी लागतात. मुलाला शिकण्यात समवयस्कांपेक्षा लक्षणीय जास्त अडचण असली पाहिजे किंवा अपंगत्वामुळे शाळेतल्या सोयी वापरता येत नसल्या पाहिजेत. आणि त्यासाठी 'एएलपी' लागली पाहिजे, म्हणजे त्या वयाच्या मुलांना वेल्सच्या साध्या सरकारी शाळांत सर्रास मिळतं त्याहून जादा किंवा वेगळं काही. निदानाचा कागद लागत नाही. ऑटिझम किंवा एडीएचडीच्या तपासणीच्या रांगेत नाव आहे म्हणून शाळेने थांबायचं, असं कायद्यात कुठेही नाही.

आता मुदती, कारण घोडं तिथेच अडतं:

शाळेकडे विषय गेल्यापासून शाळेचे ३५ दिवस. तेवढ्यात शाळेने एएलएन आहे की नाही ते ठरवायचं आणि असेल तर आयडीपी तयार करून हातात द्यायचा. काउन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) विषय गेला तर १२ आठवडे. शाळेच्या निर्णयाचा फेरविचार काउन्सिलकडे मागितला तर ७ आठवडे.

३५ हे शाळेचे दिवस आहेत, सुट्ट्या धरत नाहीत. जूनच्या मध्यावर दिलेलं पत्र सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जातं. तेच पत्र मेच्या अखेरच्या सुट्टीनंतर लगेच दिलं, तर मुदत जुलैत शाळा बंद व्हायच्या सुमारास संपते आणि नव्या वर्षाच्या शिक्षिकेच्या हातात सप्टेंबरच्या पहिल्या दिवशी आराखडा असतो.

घड्याळ सुरू होतं विषय शाळेच्या लक्षात आणून दिला त्या दिवशी. गेटवर शिक्षिकेशी बोललात तर तो दिवस नंतर सिद्ध करता येत नाही. एएलएनकोला (शाळेत एएलएनचं काम बघणारी व्यक्ती, प्रत्येक शाळेत असतेच) ईमेल करा, हेडटीचरला प्रत द्या आणि एक वाक्य सरळ लिहा: 'माझ्या मुलाला एएलएन असावी असं मला वाटतं, २०१८ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे शाळेने निर्णय घ्यावा.' कलमाचा आकडा टाकला की ते पत्र 'पालकांची चिंता' म्हणून फाइलला लागत नाही.

दुपारचा_चहा

उत्तम धागा. एक विचारतो. शाळेचं ठरलेलं उत्तर असतं, 'घरी दुसरी भाषा आहे, अजून एक वर्ष बघू.' यावर काय म्हणायचं? आणि शाळा वेल्श माध्यमाची असेल तर 'आधी इंग्रजी शाळेत हलवा' असंही सुचवतात.

रानजाई

चहा, कायद्याच्या कलम २ मध्ये स्पष्ट आहे की केवळ घरची भाषा वेगळी म्हणून कुणाला एएलएन ठरत नाही. योग्यच आहे ते. पण त्याचा उलटा अर्थ काढतात तो चूक: घरी मराठी आहे म्हणून एएलएन *नसेलच* असं ते कलम म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात, आणि शाळेला ३५ दिवसांतच ठरवायचं आहे. 'एक वर्ष बघू' हा निर्णय नव्हे. त्यांना म्हणा, निर्णय 'नाही' असेल तर तसा लेखी द्या, कारणांसह.

वेल्श माध्यमाबद्दल: आराखडा करताना मदत वेल्शमधून द्यायला हवी का हे ठरवणं बंधनकारक आहे, आणि हवी असं ठरलं तर ती मिळवण्यासाठी सर्व रास्त प्रयत्न करणंही. शाळा बदलायचा सल्ला हा त्या कर्तव्याला पर्याय होत नाही. भाषेच्या तपासणीबद्दल सायलीताई सांगतील.

सायली_स्पीच

सांगते, आणि थोडं सविस्तर, कारण इथेच आपल्या मुलांचं सर्वात जास्त नुकसान होतं.

भाषेचा विकार असेल तर तो मुलाच्या *सगळ्या* भाषांत दिसतो. फक्त इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये अडखळतंय आणि मराठी वयाप्रमाणे आहे, तर बहुतेक वेळा तो सरावाचा प्रश्न असतो आणि त्याला काउन्सिलची भाषा-सहाय्य सेवा लागते, आयडीपी नव्हे. म्हणून तपासणीत मराठीची माहिती आलीच पाहिजे. इंग्रजी चाचणीचे गुण एकभाषिक मुलांच्या सरासरीवर बेतलेले असतात. ते जसेच्या तसे आपल्या मुलांना लावून 'खालच्या ५ टक्क्यांत' असं कुणी लिहिलं तर हरकत नोंदवा.

पालकांनी मीटिंगआधी काय तयार ठेवायचं:

मूल चित्रांच्या पुस्तकावरून मराठीत गोष्ट सांगतंय असं १० मिनिटांचं रेकॉर्डिंग. मध्ये मदत करू नका, वाक्य पुरं करून देऊ नका. मग शब्दशः उतरवून काढा. पाच-साडेपाच वर्षांचं, घरी भरपूर मराठी ऐकणारं मूल साधारणपणे 'मांजराने दूध सांडलं', 'ताईने पोळी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला' असं क्रियापद बरोबर फिरवतं. 'घोडा' चा 'घोड्याला', 'कुत्रा' चा 'कुत्र्याने' करतं. सारखं 'मांजर दूध सांडला', 'घोडाला' येत असेल तर नोंद करा.

पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. इथे वाढणाऱ्या, मराठी फक्त आईकडून ऐकणाऱ्या मुलांचं लिंग-वचन निरोगी असूनही डळमळतं. त्याहून भरवशाच्या खुणा अशा: पहिले शब्द उशिरा आले का, दोन शब्दांची वाक्यं अडीच वर्षांनंतरही नव्हती का, नवा शब्द चार-पाचदा ऐकूनही टिकत नाही का, 'आधी हात धू, मग डबा आण आणि दप्तर कोपऱ्यात ठेव' अशा तीन पायऱ्यांपैकी पहिली नाहीतर शेवटचीच लक्षात राहते का, अर्थ नसलेले तीन-चार अक्षरी शब्द (समजा 'टिमुलागो') ऐकून परत म्हणता येत नाहीत का, जवळच्या नात्यात कुणाला बोलण्या-वाचण्याची अडचण होती का.

हे एका पानावर, वयासकट, इंग्रजीत लिहून एएलएनकोला आणि स्पीच थेरपिस्टला द्या. दुभाषा मागायचा तर मीटिंगच्या वेळेला सांगू नका, तारीख ठरतानाच सांगा.

नुकतंच भारतातून आलेलं मूल शाळेत कित्येक महिने गप्प राहू शकतं. घरी तोंडाची टकळी चालू आणि शाळेत मौन, हे बहुतेकदा त्या टप्प्याचं लक्षण. घरीही बोलणं तुटक असेल तर थांबू नका. आणि 'घरी मराठी बंद करा' असं कुणीही सांगितलं तर ऐकू नका. मराठी बंद केल्याने इंग्रजी सुधारत नाही, उलट आजी-आजोबांशी बोलणं तुटतं आणि तपासणीसाठी लागणारा पुरावाही जातो.

पावशी

+१. शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने जपून ठेवावा.

गव्हर्नर_काका

काउन्सिलच्या बाजूने लिहितो. शाळा 'बजेट नाही' म्हणते तेव्हा पडद्यामागे काय असतं ते कळलं तर नेमका प्रश्न विचारता येतो.

वेल्समध्ये २२ काउन्सिल आहेत. त्या शाळांना सूत्राप्रमाणे पैसे वाटतात. २०१० च्या नियमांनुसार या सूत्रातली किमान ७० टक्के रक्कम विद्यार्थिसंख्येवर वाटावी लागते. उरलेल्यात इमारत, शाळेचा लहानमोठा आकार, एएलएन वगैरे. काही काउन्सिल एएलएनचे बरेचसे पैसे सूत्रातून थेट शाळेला देतात, काही जवळच्या शाळांच्या गटाला देतात, काही स्वतःकडे ठेवून अर्ज मागवतात. म्हणून शेजारच्या काउन्सिलमधल्या मित्राला मिळालेलं उत्तर तुम्हाला लागू पडेलच असं नाही. शाळेला विचारायचं ते असं: 'यंदाच्या वाटपात एएलएनसाठी धरलेली रक्कम किती, आणि काउन्सिलच्या केंद्रीय निधीसाठी शाळेने अर्ज केला का? कोणत्या तारखेला?' हा आकडा गव्हर्निंग बॉडीसमोर (शाळेच्या नियामक मंडळासमोर) असतो. तुमच्या पालक-गव्हर्नरला तो मागता येतो.

आता खरा मुद्दा. आयडीपी शाळेने ठेवलेला असो की काउन्सिलने, कायद्याच्या भाषेत कर्तव्य सारखंच आहे. शाळेच्या आयडीपीत लिहिलेली मदत गव्हर्निंग बॉडीने मिळवून *द्यायचीच* असते. काउन्सिलच्या आयडीपीतली काउन्सिलने. पैसे नाहीत ही सबब दोन्हीकडे चालत नाही. तरीही लिहिलेली मदत दोन टर्म झाल्या तरी मिळत नसेल तर शाळेशी भांडत बसू नका, आराखडा काउन्सिलने स्वतःकडे घ्यावा अशी कलम २८ खाली लेखी मागणी करा. नकार आला तर त्यावर अपील करता येतं.

शाळेने आपणहून काउन्सिलकडे सोपवायची तीन कारणं कलम १२ मध्ये आहेत: लागणारी मदत देणं शाळेला रास्त नाही, गरजेचं स्वरूप किंवा व्याप्ती शाळेला नीट ठरवता येत नाही, किंवा कोणती मदत लागेल ते ठरवता येत नाही. 'आम्हाला हे झेपण्यातलं नाही' असं एएलएनको तोंडी म्हणाली की लगेच विचारा, यातलं कोणतं कारण? मग तेच ईमेलमध्ये परत लिहून पाठवा.

दुपारचा_चहा

काका, पण मग सरळ काउन्सिललाच का लिहू नये? शाळेचे ३५ दिवस वाचतील.

गव्हर्नर_काका

वाचत नाहीत, उलट वाढतात. मूल सरकारी शाळेत असेल आणि शाळा ठरवते आहे याची काउन्सिलला खात्री असेल, तर काउन्सिल ते शाळेकडेच सोडते. मधले दोन-तीन आठवडे टोलवाटोलवीत जातात. सरळ काउन्सिलकडे जायचं ते मूल अजून शाळेत नसेल तेव्हा. पाच वर्षांखालच्यांसाठी प्रत्येक काउन्सिलने एक 'अर्ली इयर्स एएलएन लीड ऑफिसर' नेमलेला असतो, त्याच्याकडे. डे-नर्सरीतली किंवा चाइल्डमाइंडरकडची मुलं यात येतात आणि नेमकी हीच सुटतात, कारण तिथे कुणी एएलएनको नसते. किंवा मग शाळेने 'नाही' म्हटल्यावर फेरविचारासाठी जायचं.

रानजाई

काकांशी सहमत, एक जोड देते. शाळेने नकारही दिला नाही आणि होकारही नाही, ३५ दिवस उलटले, तर काउन्सिलच्या एएलएन विभागाला तारखा मांडून लिहा. शाळांवर लक्ष ठेवणं हे त्यांचंच काम आहे.

मृदगंध

आयडीपीच्या शब्दांबद्दल कुणीतरी लिहा. मसुदा आल्यावर पालक तो चांगला आहे की वाईट हे ओळखणार कसे?

रानजाई

मसुदा घेऊन बसा आणि हायलायटरने हे शब्द रंगवा: 'गरजेनुसार', 'उपलब्ध असेल', 'संधी दिली जाईल', 'नियमित', 'लहान गटात शक्य तेव्हा'. रंगलेल्या प्रत्येक जागी मदत कुणीही मोजू शकत नाही, म्हणून ती मिळाली नाही हेही सिद्ध करता येत नाही.

उदाहरण घेऊ. मसुद्यातलं वाक्य: 'मुलाला वाचनासाठी गरजेनुसार मोठ्यांचा आधार उपलब्ध असेल.'

ते असं मागा: 'आठवड्यातून ४ वेळा, दर वेळी २० मिनिटं, वर्गाबाहेर शांत जागी, एकट्याला, ध्वनी-अक्षर जोडणीचं प्रशिक्षण घेतलेल्या टीचिंग असिस्टंटकडून. दर ६ आठवड्यांनी एएलएनको नोंदवही तपासेल. असिस्टंट गैरहजर असेल तर ते सत्र त्याच आठवड्यात भरून काढलं जाईल.'

कोण, किती वेळा, किती वेळ, कुठे, किती मुलांत, कोणतं प्रशिक्षण, कोण तपासणार. सातही उत्तरं सापडली पाहिजेत. ध्येयंही तशीच: 'वाचनात प्रगती करेल' नको, 'ईस्टरपर्यंत तीन अक्षरी ५० शब्दांपैकी ४० न अडखळता वाचेल' असं हवं.

शाळा म्हणेल, 'हे तर आम्ही सगळ्यांनाच देतो, आयडीपीची गरज नाही.' त्यावर कायद्याची तुलना आठवा: *वेल्सच्या साध्या सरकारी शाळांत त्या वयाच्या मुलांना सर्रास* मिळतं का? त्या एका शाळेत मिळतं का, हा प्रश्न नाही. आठवड्यातून चार वेळा एकट्याला प्रशिक्षित माणूस सर्रास कुणालाच मिळत नाही. चांगली शाळा स्वतःहून देते म्हणून ती एएलपी उरत नाही असं होत नाही. उद्या ती असिस्टंट सोडून गेली तर आयडीपीवाल्या मुलाला हक्क राहतो, बाकीच्यांना नाही.

आराखड्याचा आढावा १२ महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो, आणि मधेही मागता येतो.

सायली_स्पीच

स्पीच थेरपीबद्दल मोठी खाच आहे, ती सांगायलाच हवी. शाळा किंवा काउन्सिल हेल्थ बोर्डाला (एनएचएसच्या स्थानिक मंडळाला) कलम २० खाली विचारू शकते की या मुलाला उपयोगी पडेल असा उपचार किंवा सेवा आहे का. हेल्थ बोर्डाने ६ आठवड्यांत उत्तर द्यायचं. 'आहे' म्हटलं तर ती सेवा आयडीपीत एनएचएसच्या भागात जाते आणि ती देणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. पण त्या भागातला मजकूर शाळा किंवा काउन्सिल स्वतःच्या मनाने बदलू शकत नाही, आणि ट्रायब्युनलने (अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) बदलायला सांगितलं तरी हेल्थ बोर्डाची तयारी नसेल तर ते बांधील राहत नाहीत.

म्हणून काम वाटून लिहून घ्या. थेरपिस्ट टर्ममध्ये किती वेळा येणार हे एनएचएसच्या भागात. तिने दिलेला रोजचा १५ मिनिटांचा सराव शाळेतली कोणती व्यक्ती घेणार, आणि थेरपिस्ट तिला टर्ममध्ये किती तास शिकवणार, हे शाळेच्या भागात. खरा फरक रोजच्या सरावाने पडतो, आणि त्या भागावर तुमचा अपिलाचा हक्क शाबूत राहतो.

हेल्थ बोर्डात या कामासाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याला 'डेक्लो' म्हणतात. पत्राला उत्तर येत नसेल तर त्याच्या नावाने पाठवा.

पावशी

वर्क व्हिसावर असलेल्यांना एक भीती असते: 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) लिहिलंय, आयडीपी मागितला तर व्हिसाला धोका?

गव्हर्नर_काका

नाही. शाळेतलं शिक्षण आणि त्यातली एएलएनची मदत 'पब्लिक फंड्स'च्या यादीत नाही. बिनधास्त मागा. त्या यादीत येतो तो मुलाचा डीएलए, म्हणजे अपंगत्व-भत्ता. तो आणि आयडीपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. डीएलएचा अर्ज करायच्या आधी मात्र इमिग्रेशनचा सल्ला घ्या.

मृदगंध

धन्यवाद काका, हे फार लोकांना माहीत नाही. अपिलाचा क्रम कुणी सांगेल का?

कृष्णाकाठ

मी लिहितो.

शाळेच्या निर्णयावर थेट ट्रायब्युनलमध्ये जाता येत नाही. आधी काउन्सिलचा फेरविचार (कलम २६ निर्णयाचा, २७ आराखड्याचा). काउन्सिलचं उत्तर आलं की पत्राच्या तारखेपासून ८ आठवड्यांत एज्युकेशन ट्रायब्युनल फॉर वेल्सकडे अपील. तारीख पत्रावरची मोजा, हातात पडलं ती नव्हे. फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुलालाही स्वतःचं अपील करता येतं.

काउन्सिलला वाद मिटवण्याची आणि स्वतंत्र सल्ल्याची सोय ठेवावीच लागते. बऱ्याच ठिकाणी ते काम 'स्नॅप कमरी' ही संस्था करते, पालकांना मोफत. मध्यस्थी जरूर करा, पण ती सुरू आहे म्हणून ८ आठवडे मोजायचं थांबवू नका.

मूल अपंगत्वाच्या व्याख्येत बसत असेल आणि सहलीतून वगळणं, अर्धाच दिवस बोलावणं असं काही होत असेल, तर तो भेदभावाचा दावा होतो. तोही याच ट्रायब्युनलकडे, घटनेपासून ६ महिन्यांच्या आत. 'थोडे दिवस दुपारी १२ ला न्या' असा फोन आला तर नम्रपणे म्हणा, 'हे लेखी पाठवा, कधीपर्यंत तेही लिहा.'

पुरावा हवा असेल तर मुलाची शैक्षणिक नोंद शाळेकडे लेखी मागा, १५ शालेय दिवसांत द्यावी लागते.

आणि चुकीच्या दारात वेळ घालवू नका. एस्टिन शाळांची आणि काउन्सिलच्या शिक्षण-सेवेची तपासणी करते, एका मुलाची तक्रार सोडवत नाही. लोकसेवा ओम्बड्समन काउन्सिलचा गलथान कारभार बघतो: मुदत पाळली नाही, पत्रांना उत्तर नाही असं. शाळेच्या अंतर्गत तक्रारी तिथे जात नाहीत, त्या गव्हर्निंग बॉडीच्या तक्रार-पद्धतीनेच जातात. आधी शिक्षक, मग हेडटीचर, मग समिती.

गव्हर्नर_काका

एकट्याच्या केसपलीकडेही एक काम आहे. काउन्सिलची शिक्षणाचा कारभार तपासणारी स्क्रूटिनी कमिटी असते, तिच्या सभा जाहीर असतात, कागदपत्रं आधी वेबसाइटवर येतात. आपल्या वॉर्डच्या काउन्सिलरला सभेआधी दहा दिवस हे चार प्रश्न पाठवा: शाळांकडे आणि काउन्सिलकडे मिळून आयडीपी किती, १२ आठवड्यांची मुदत किती वेळा चुकली, फेरविचाराच्या किती मागण्यांत शाळेचा निर्णय बदलला, स्पेशल शाळांच्या जागांसाठी किती मुलं थांबलीत. उत्तर टाळलं तर माहितीच्या अधिकारात मागा, २० कामकाजाचे दिवस. तिसरा आकडा सर्वात बोलका. एकाच शाळेचे निर्णय सारखे उलटत असतील तर काउन्सिल त्या शाळेला इशारा-नोटीस देऊ शकते, जादा गव्हर्नर नेमू शकते, बजेटचा अधिकारही काढून घेऊ शकते. २०१३ च्या कायद्याने हे हत्यार त्यांच्याकडे आहे.

शाळेतल्या पालकांनी मिळून गव्हर्नरांची सभाही बोलावता येते. १० टक्के मुलांचे किंवा ३० मुलांचे पालक, यातली जी संख्या कमी असेल तेवढ्या सह्या पुरतात. आणि पालक-गव्हर्नरची जागा रिकामी झाली की अर्ज भरा. मराठी पालक त्या टेबलाशी फार कमी दिसतात, ते बदलायला हवं.

दुपारचा_चहा

शेवटचं. घर बदललं तर आयडीपीचं काय होतं?

रानजाई

वेल्समध्येच हललात तर आराखडा सोबत जातो. शाळेचा असेल तर नवी सरकारी शाळा तो पुढे चालवते, काउन्सिलचा असेल तर नवी काउन्सिल. ब्रिस्टल किंवा चेस्टरला गेलात तर तो तिथे लागू नाही. ईएचसीपीसाठी नव्याने अर्ज, आणि ती प्रक्रिया २० आठवड्यांची. म्हणून घराचा करार होताच अर्ज तयार ठेवा, आयडीपी आणि सगळे अहवाल जोडून.

भारतात परतणार असाल तर: २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे आणि महाराष्ट्र बोर्ड परीक्षेत सवलती देतं, पण त्यासाठी तिथलं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आयडीपी चालत नाही. तरी इथल्या सायकॉलॉजिस्टचा आणि स्पीच थेरपिस्टचा मूळ अहवाल, सही आणि तारखेसकट, सोबत न्या. नुसता आयडीपी दाखवला तर तिथल्या तपासणाऱ्याला त्यातून गुण आणि चाचण्यांची नावं मिळत नाहीत.